चुन्याच्या खड्ड्यातले मागूर

आये, तुला लिहायला बसलो, आणि तुला वाचता येत नव्हतं हे कागद पुढ्यात घेतल्यावर आठवलं. आता तर तूही नाहीस, तरी लिहितो.

साखरशेतहून आपण दोघं मत्स्यबीज केंद्रावर कामाला चालत जायचो. तू टाक्या घासायचीस आणि मी, आठवी शिकलेला म्हणून, साहेबांच्या हाताखाली मागूर मासे कापायचो. साहेब नरांना पेंडीतून हार्मोनच्या गोळ्या चारत होते. नर लवकर तयार व्हावा, जोमदार निघावा, ही त्यांची आशा. झालं उलटंच. पोट चिरलं की आत वृषणं दोऱ्यासारखी बारीक, दाबली तरी बीजाचा थेंब निघत नव्हता. साहेब म्हणाले, बाहेरून आयतं मिळालं की शरीर आपलं आपण करायचं सोडून देतं. कापलेले मासे चुना टाकून पुरायचे, कोणी खायचे नाहीत, असं त्यांनी बजावलं. मला बजावलं, तुला नाही.

अजून डोळ्यांपुढे आहे: मी खड्ड्यापाशी उभा आहे. चुना अजून टाकलेला नाही. तू पाटी घेऊन येतेस, खड्ड्यात बघतेस आणि माझ्यावर डाफरतेस.

“एवढा मासा मातीत घालतोस? उपाशी मेलेली माणसां पाहिली नाय तू.”

मी एक वाक्य बोललो असतो तर तू भरलेली पाटी परत खड्ड्यात रिकामी केली असतीस. मी बाजूला झालो. मलाही भूक होती. चुलीवर तू लसूण-मिरची वाटून कालवण केलंस, नागलीची भाकर दिलीस, तुकडे माझ्या ताटात आणि डोकी तुझ्या. त्या पावसाळ्यात असं किती वेळा झालं, आठवत नाही. चव चांगली होती, खोटं कशाला सांगू.

पुढे माझं लग्न झालं आणि मूल झालं नाही. तू सुनेला खोडाळ्याच्या भगताकडे नेलंस, काळे दोरे बांधलेस, उपास धरायला लावलेस. एकदा भात लावताना सगळ्या बायांसमोर तिला वांझ म्हणालीस. मी बांधावर होतो. त्याच्या आधीच नाशिकच्या डॉक्टरने आम्हा दोघांना तपासलं होतं. दोष माझ्यात होता, हे त्याने मला एकट्याला सांगितलं. मी माशांचं विचारलं, तर तो म्हणाला, त्याने झालं असं सांगता येत नाही, जन्मापासूनही असू शकतं. घरी येऊन मी तुम्हा दोघींना सांगितलं, दोघांचंही ठीक आहे. मग तू पुन्हा तिच्याच मागे लागलीस. मला तेव्हा काही वाटलं नाही. आजही फारसं वाटत नाही, अंगाखाली दबलेल्या हातासारखं झालंय.

तुला ते मासे आठवतील, तू स्वतःला दोष देशील, म्हणून मी गप्प बसलो, असं मी इतकी वर्षं मनाशी म्हणत आलो. ते खरं नाही. मला लाज वाटत होती, आणि बोलणी तिला बसत होती तोवर मला बसत नव्हती.

ती आत भाकरी थापतेय. मघाशी विचारून गेली, कोणाला लिहितोस. तुझं नाव सांगितल्यावर हाताचं पीठ झटकत म्हणाली,

“माजा पन राम राम लिही तिला.”

म्हणून लिहिला. तिलाही वाचता येत नाही. तिला वाचून दाखवायचं तर चूल इथून दहा पावलांवर आहे. मी आता कागदाची घडी करतो आणि खिशात ठेवतो.