पाचव्या चकतीची व्यवस्था

घरात आले ते असे: सॅम्पलर नावाचे, आवाज भरून घेऊन पट्ट्यांवर वाजवणारे, बाजाच्या पेटीसारखे विजेवरचे यंत्र, वापरलेले, एक, रुपये अठरा हजार. फ्लॉपी म्हणजे काळ्या पाकिटातल्या पातळ चकत्या, पाच, प्रत्येकी चाळीस. टेंपो, दादर ते दहिवली, अडीचशे. घरदार सोडून हे आधी लिहिले, कारण माझा जीव त्यातच अडकला आहे.

मी, सोनुबाई चांगो ठोंबरे, वय अठ्ठावन्न, शिक्षण मॅट्रिक, राहणार दहिवली, तालुका कर्जत, जिल्हा रायगड, सकाळची पूजा आटोपून, शुद्धीवर असताना आणि कोणी बाजूला बसून सांगत नसताना, माझ्यामागे काय व्हावे ते लिहून ठेवते.

१. राहते घर मुलगा गजानन याला. मागल्या दाराची कडी वर उचलून मगच ओढावी.

२. पोस्टातली शिल्लक मुलगी मैना हिला. ती साजगावी नांदते. जावयाच्या कारखान्यात संप झाला की तिचे हाल होतात. पुस्तक देवघरात पोथीखाली आहे.

३. यजमानांचा मृदंग देवळातल्या भजनी मंडळाला. शाई उखडली तर भरून घ्यावी, कोपऱ्यात टांगून ठेवू नये.

४. ठाकुरवाडीची आवडी वीस वर्षे माझ्याबरोबर शेतात राबली. तिला पितळी हंडा आणि दोन नवी लुगडी. जुनी देऊ नयेत.

५. चुलत दीर पोपट यांना काही नाही. यजमान गेले तेव्हा ओटीवर बसून तेच म्हणाले होते, "वयनी, मेल्या मान्साचा हात यंत्रात ठेवलाव तर सुतक फिटंल कसं?" हात म्हणजे मृदंगाचे बोल. त्याआधीच्या थंडीत गजाने वडिलांना समोर बसवून एकेक बोल भरून घेतला होता, या पट्टीवर धा, त्या पट्टीवर गे, आणि कोणता बोल कुठे ते वहीत मांडले होते. वीज बंद केली की यंत्र सगळे विसरते. चकती घालायची, खिट्टी फिरवायची, तांबडा दिवा विझेपर्यंत हात लावायचा नाही, मग त्याला पुन्हा आठवते.

सुतक फिटायच्या दिवशी मी घर सारवले, भांडीकुंडी धुतली, आणि चार चकत्याही गोमूत्राने पुसून, पाण्यातून काढून गच्चीवर उन्हात वाळत घातल्या. दोष दिरांचा नाही. हात माझा होता.

गजाने गच्चीवर येऊन एकेक चकती उचलून बघितली. "आये, काय केलंस गं हे? बाबांना धुऊन टाकलंस!" मग म्हणाला, "पाचवी कुठं हाय?" मी म्हटले, "वाऱ्यानं विहिरीत गेली." तो यंत्राकडे न बघता मुंबईला गेला. दीड वर्ष झाले, आला नाही.

६. पाचवी चकती विहिरीत गेली नाही. ती यंत्राच्या तोंडातच राहिली होती. ती आणि यंत्र गजाला.

तिच्यात मृदंग नाही, यजमानांचा आवाज आहे. काळी दोन या पट्टीवर तो खरा लागतो. वर गेले तर पोरासारखा घाईघाईचा, खाली गेले तर तापातून उठल्यासारखा. म्हणून त्या पट्टीला मी कुंकवाचे बोट लावले आहे. दर अमावास्येला नैवेद्य ठेवला की एकदाच दाबते. एकदा ठाकुरवाडीच्या आवडीने ऐकले, म्हणाली, "बाय, म्हातारा पेटीत बसलाय का गं?"

आवाज म्हणतो, "आगं, चाय टाकतेस काय जराशी?"

पट्टी दाबून धरली तर पुढे माझा आवाज येतो. गजा भरून घेत होता हे मला ठाऊक नव्हते; सुतकात एकदा पट्टी दाबली तेव्हा कळले. मी म्हणते, "आत्ताच तर झाली. साखर काय फुकट येते?" साखरेचा डबा त्या दिवशी भरलेला होता. बोट उचलले की आवाज तिथेच तुटतो, म्हणून माझे बोलणे सुरू व्हायच्या आत मी बोट उचलते. गजाला हे पुन्हा ऐकू जाऊ नये म्हणूनच विहिरीचे खोटे सांगितले.

७. गजाने या पाचवीवरून दुसरी चकती करून घ्यावी. माझे उत्तर कापू नये. त्यांनी विचारले होते, तर जे उत्तर मिळाले ते त्यांच्याजवळ राहावे.

लिहिणार: सोनुबाई चांगो ठोंबरे

साक्षीदार: १. पोपट नागू ठोंबरे (यांना काही मिळत नाही, म्हणून चालतात, असे वकील म्हणाले.)
२. सखाराम हिरू भोईर, पोस्टमन

दहिवली, ता. २० नोव्हेंबर १९८८

गजा, ही नक्कल सखारामच्या हाती पाठवते आहे. दिवाळीच्या अमावास्येला तांबडा दिवा विझायला फार वेळ लागला, आणि "चाय" वर आवाज खरखरला. चकती झिजते काय रे? पुढची अमावास्या पंधरा-वीस दिवसांवर आली आहे. दाबू की तू येईपर्यंत थांबू, ते उलट टपाली कळव. तोवर मी यंत्राचे बटण चालू करत नाही.