मक्याची तीन नावे

मी, खाली सही करणारी, वय वर्षे सत्तर, कुत्र्यांचे कोरडे खाद्य बनवणाऱ्या कारखान्यातून निवृत्त झालेली, डोके ठिकाणावर असताना आणि कुणीही मागे लागलेले नसताना हे मृत्युपत्र करते. गेल्या महिन्यात केलेले मृत्युपत्र याने रद्द समजावे. ते का रद्द केले, हे कलम तीनमध्ये येईल.

कलम १. माझा कुत्रा भुंग्या, वय बारा, धाकट्या मुलीकडे राहील. तो तसाही तिचेच ऐकतो. त्याचे खाद्य बदलायची वेळ आली, तर पिशवीवरच्या गुबगुबीत कुत्र्याला भुलू नये, मागचा बारीक मजकूर वाचावा. नुसते 'मांसाचे पीठ' लिहिले असेल आणि कुठल्या प्राण्याचे ते लिहिले नसेल, तर पिशवी होती तिथे ठेवावी. फोडल्यावर खवट तेलाचा वास आला तर परत करावी, दुकानदाराने कितीही तोंड वाकडे केले तरी.

कलम २. निवृत्तीच्या दिवशी मिळालेले घड्याळ आमच्या साहेबांना परत करावे. ते हयात नसतील तर भंगारात द्यावे.

कारण लिहिते. पिशवीवरचा मजकूर मी तयार करत असे. जो घटक वजनाने जास्त, तो आधी लिहायचा, असा नियम. आमच्या खाद्यात सगळ्यात जास्त मका. साहेब म्हणाले, "चिकन वर आलं पाहिजे." मी मक्याची तीन नावे केली: भरडा, पीठ आणि ग्लुटेन. वेगवेगळे लिहिले की प्रत्येक जण चिकनपेक्षा हलका. शिवाय चिकन ओले तोलायचे, म्हणजे पाण्याचे वजनही त्याच्याच नावावर. साहेबांनी पाठ थोपटली आणि मला बरे वाटले, हे लपवत नाही.

तेच खाद्य मी घरी आणत होते. भुंग्या लहान होता, खाजवून खाजवून त्याच्या पोटावरचे केस गेले. धाकटीने पिशवीचा मागचा भाग कापला, पेन्सिलीने तिन्ही मके एका कंसात घेतले आणि माझ्यापुढे ठेवले.

"आई, एकेक शब्द खरा आहे गं. पण यादी खोटी आहे."

त्या दिवशी ती माझ्याशी खूप भांडली. खाद्य बदलले आणि खाज थांबली. त्यामुळेच थांबली का, हे डॉक्टरांनी छातीठोकपणे सांगितले नाही.

कलम ३. घर. रद्द केलेल्या मृत्युपत्रात पहिले नाव धाकटीचे होते: माझे सर्व दागिने. त्याखाली थोरल्या मुलाला वरचा मजला. दोन कलमे सोडून थोरल्याला खालच्या खोल्या. भांडी-पुस्तकांच्या यादीनंतर, अगदी शेवटी, मागची मोकळी जागा, तीही थोरल्याला. "तिचं नाव वर ठेव आई, म्हणजे तिला वाईट वाटणार नाही," असे तो फोनवर म्हणाला होता. मला ते पटले. माझे कंबरेचे हाड मोडल्यापासून जी नोकरी सोडून माझे सगळे करते, तिला या घरात एक खोलीही उरली नव्हती. ते माझ्या लक्षात आले नाही, असे लिहिणार होते. पण आले होते.

चष्मा सापडेना म्हणून तो कागद मी तिलाच वाचायला दिला. तिने न अडखळता शेवटपर्यंत वाचला. मग पेन्सिल उचलली, थोडा वेळ हातात धरली आणि खाली ठेवली.

"चहा टाकू का?" एवढेच म्हणाली.

या वेळी ती भांडली नाही, याची मला फार भीती वाटते.

म्हणून: संपूर्ण घर, वरचा मजला, खालच्या खोल्या आणि मागची जागा धरून, धाकट्या मुलीचे. दागिने थोरल्याचे. बाळा, तू म्हणशील की तिने माझे कान भरले. तिने चकार शब्द काढलेला नाही. रागवायचे तर माझ्यावर रागाव.

कलम ४. माझ्यामागे हे मृत्युपत्र धाकटीला कुणी वाचून दाखवू नये. तिच्या हातात द्यावे आणि शेजारी पेन्सिल ठेवावी.

सही केली, दोन्ही साक्षीदारांच्या देखत.

साक्षीदार: १. भुंग्याचे डॉक्टर (सही)
२. समोरच्या शिवणकामवाल्या बाई (सही)
दोघांनाही यातले काही मिळणार नाही.

स्थळ: आमच्या स्वयंपाकघरातले टेबल
दिनांक: ११ मार्च, धाकटी औषधे आणायला गेली असताना