गाडीला कंपनीचंच तेल

३ एप्रिल १९८१, निपाणी
आजपासून रोजनिशी. विषय एकच : गाडी.
तंबाखूच्या वखारीच्या मालकांनी त्यांची जुनी अमेरिकन गाडी मला देऊन टाकली. गावातले मिस्त्री तिला हात लावायला घाबरतात म्हणे. आटोमॅटिक आहे. क्लच नाही, गिअर आपोआप पडतो. मी हायस्कुलात भूगोल शिकवतो. अमेरिकेची मला पहिल्यापासून माहिती आहे.

४ एप्रिल
भरमू येऊन गेला. हिचा भाऊ. हायवेला गॅरेज आहे. गिअरबॉक्समधलं लाल तेल कमी झालंय म्हणाला. "दाजी, बेळगावात कुटल्याबी कंपनीचं लाल तेल मिळतंय. दोन डबं वता आन् चालवा."
त्याला गाडीचं पुस्तक दाखवलं. पान ४१ : फक्त आमच्याच कंपनीचं तेल वापरावं, दुसरं मिसळू नये. तो म्हणाला, कंपनी दुसरं काय लिवणार?
नववी नापास आहे.
संकल्प : बाहेरच्या तेलाचा एक थेंब घालणार नाही.

९ एप्रिल
मुंबईच्या एजंटला इंग्रजीत पत्र. तिसरा ड्राफ्ट पाठवला.
दुसरं पत्र आक्काला, बेळगावजवळच्या पिरनवाडीला. १७ मेला तिच्या यशोदेचं लग्न. नवरदेव कल्लाप्पा निपाणीचाच, पोस्टात कारकून. कळवलं की नवरदेव नवरीच्या मामाच्या गाडीतून येणार, दुसरी सोय बघू नका.

१५ एप्रिल
आक्काचं उत्तर. सगळ्या गल्लीत सांगून झालंय.

२० एप्रिल, संध्याकाळी ५
तेल नाही. पण सराव मोडायचा नाही. रोज तासभर गाडीत बसतो. ही शेजारच्या सीटवर गहू निवडते. आज संकेश्वरपर्यंत गेलो (मनात). दोन ओव्हरटेक. परत येताना ही म्हणाली, हॉर्न तरी वाजवू नका, पलीकडचं पोरगं दचकून उठतंय.

२ मे
पार्सल आलं!! कंपनीचे दोन डबे. तेल माणकासारखं लाल. डब्यांना हार घातला. हिला वाटलं सत्यनारायण आहे.
घाई करणार नाही. आधी पुस्तक पुन्हा वाचीन. पुढच्या रविवारी घालतो.

५ मे
अनर्थ.
सासूबाई खानापूरहून आल्यात. त्यांचे गुडघे धरतात. तेल लाल दिसलं म्हणून त्यांनी डबा फोडून गुडघ्यांना चोळलं. मी बाजारातून येतो तर दारात आठ-दहा बिडी वळणाऱ्या बायका, हातात वाट्या. दिवसभर बसून त्यांची कंबर जाते. ही पळीनं वाढत होती. दोन्ही डबे रिकामे.
ओरडणारच होतो. पण त्यांतली यल्लव्वा म्हणाली, "मास्तर, तेल लई भारी हाय. कंबर मोकळी झाली बगा."
बाजारच्या तेलानं झाली असती? माझा मुद्दा सिद्ध झाला.

६ मे
नवं पार्सल यायला महिना. लग्नाला अकरा दिवस. विचार चालू आहे.

८ मे
बेळगावला जाऊन आलो. खाजगी काम. कोणी ओळखू नये म्हणून कानटोपी घातली होती. कंडक्टरनं कन्नडमध्ये विचारलं, ताप आहे का.
साधं लाल तेल आणलं. कुठल्या कंपनीचं ते मुद्दाम वाचलं नाही. संकल्प मोडलेला नाही. फक्त पुढं ढकललाय.
घरी कोणी नसताना ते कंपनीच्या रिकाम्या डब्यांत ओतलं. डबे तर कंपनीचेच आहेत.

१० मे
भरमूच्या देखत डबे उघडले आणि तेल घातलं. त्यानं कान खाजवत विचारलं, दाजी, हे तर बायका संपलं म्हणत होत्या? म्हणालो, दुसरं पार्सल. गाडी सुरू. गिअर टाकला, हलली! गावाला दोन फेऱ्या मारल्या. भरमूला मी म्हणालो, याला म्हणतात ओरिजिनल.

१३ मे
कंपनीच्या तेलाची बातच वेगळी. गिअर पडलेला कळतसुद्धा नाही. बाजारचं घातलं असतं तर आत्तापर्यंत जळून गेली असती. पोस्टात जाऊन कल्लाप्पाच्या साहेबांना अर्धा तास समजावलं. मुंबईच्या एजंटला आभाराचं पत्र टाकलं.

१६ मे
भरमूनं साध्या लाल तेलाचा एक डबा डिकीत ठेवलाय. "लागलं तर असू दे, दाजी." हसू आलं. ठेवू दिलं. नातं आहे.

१७ मे, सकाळी ९.४०, हत्तरगीच्या पुढं, गाडीतच
गाडी दोनदा खोकली आणि थांबली. नक्की गिअरचं तेल. मागं नवरदेव, मुंडावळ्या बांधून. शेजारी त्याचे वडील आण्णाप्पा. त्यांनी डिकीतला डबा काढून आणला. "वता की मास्तर हे. मुहूर्त साडेबाराचा हाय."
मी ठाम नकार दिला. आत कंपनीचं तेल आहे, त्यात बाजारचं मिसळत नाहीत. पान ४१. आण्णाप्पा हात जोडायला लागले. मी पुस्तक पुढं केलं. त्यांना इंग्रजी येत नाही.

१०.१५
निपाणीचा तंबाखूचा ट्रक आला. ड्रायव्हर मष्णू ओळखीचा. पुढं जागा नव्हती. नवरदेव आणि वडील मागं पोत्यांवर बसून गेले. मी गाडी सोडली नाही. अशी गाडी रस्त्यावर टाकून जाता येत नाही.

दुपारी १२.३०
मुहूर्त. इथूनच अक्षता टाकल्या. तांदूळ नव्हते. टाकल्यासारखं केलं.

१८ मे, पिरनवाडी
रात्री गाडीतच झोपलो. सकाळच्या बसनं आलो. लग्न लागलं. मात्र नवरदेवाच्या नाकात तंबाखू गेलेली. प्रत्येक 'सावधान'ला तो शिंकला. भटजी थांबत, पुन्हा सुरू करत. यशोदा अंतरपाटामागं हसून हसून रडली.
आक्का गाडीला ओवाळायला ताट घेऊन दोन तास दारात उभी होती, असं शेजारणीनं सांगितलं. आक्कानं मला वाढलं, पाणी दिलं, आत गेली.

१९ मे
भरमूला घेऊन गाडीपाशी गेलो. त्यानं गिअरबॉक्सकडं बघितलंसुद्धा नाही. टाकीचं झाकण काढलं, वास घेतला आणि माझ्याकडं बघत राहिला. "दाजी, पेट्रोल न्हाय."
पेट्रोलचा काटा तर अर्ध्यावर होता. भरमू म्हणाला, तो काटा सहा वर्सं अर्ध्यावरच हाय, सगळ्या गावाला म्हाईत हाय.
पेट्रोल घातल्यावर गाडी लगेच सुरू. परतीला भरमूनं चालवली. वाटेत दोनदा गाडी हळू करून पुन्हा पळवून बघितली. मग म्हणाला, "तुमचं खरं हाय दाजी. गिअर लोण्यागत पडतोय. कंपनीचं त्ये कंपनीचं. उद्यापास्नं मीबी गिऱ्हाइकास्नी हेच सांगतो. माजं चुकलं."
एवढ्यासाठीच सगळं केलं होतं. पण बरं वाटेना. आक्काचं ताट डोळ्यांपुढं येत होतं. खरं काय ते सांगून टाकावं म्हणून मी तोंड उघडलं.
तेवढ्यात घर आलं.