मंत्र्याला दोन ओळी, मुलीला पानभर

नाना, आज तुमची लेक तुमच्या विरोधात जिंकली. तुम्ही असतात तर त्या टेबलाशी पहिला आक्षेप तुम्हीच नोंदवला असतात, तोही लेखी. म्हणून सगळं सविस्तर तुम्हालाच सांगायचंय.

मी इथे, पेनसिल्व्हेनियात, स्टेट कॉलेज नावाच्या गावातल्या विद्यापीठात काय काम करते ते तुम्हाला ठाऊक असायचं कारण नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी नुकती इथे शिकायला आले होते. जुन्या काळातल्या एका अमेरिकन राष्ट्राध्यक्षांची पत्रं आम्ही वाचून, तपासून, टिपा देऊन छापतो. त्यात मंत्र्यांना नि सेनापतींना धाडलेली पत्रं आहेत, तशीच शिंप्याला, माळ्याला आणि दूरच्या शाळेत राहणाऱ्या स्वतःच्या मुलीला लिहिलेलीही आहेत. मी ती सगळी तारखेनं लावली होती, सकाळी सेनापती तर दुपारी शिंपी. मग नवे मुख्य संपादक आले आणि म्हणाले, घरगुती पत्रं ग्रंथातून काढू, वेबसाइटवर कुठेतरी ठेवून देऊ. लोकांना राज्यकारभार वाचायचा असतो, शर्टाची मापं नव्हे. आजच्या मीटिंगमध्ये त्याचा निकाल लागायचा होता, आणि ती पत्रं काढायचं ठरलं असतं तर माझी इतक्या वर्षांची मांडणी मोडीत निघाली असती.

त्यांचं ऐकताना मला तुमचा आवाज ऐकू येत होता. मी चौथीत असेन. तुमचा डबा घरी राहिला म्हणून आईनं मला कचेरीत पिटाळलं. तुम्ही हेडक्लार्क, कलेक्टरसाहेबांचं प्रत्येक पत्र तुमच्या हाताखालून जायचं, अख्खी खोली तुम्हाला वचकून. मी डबा टेबलावर ठेवते आणि आनंदानं ओरडते, "नाना, मांजरीला पिल्लं झाली!" सगळे कारकून हसतात. तुम्ही मान वर करत नाही. "घरचं घरी," एवढंच म्हणता. संध्याकाळी मी तुमची वाट बघत बसले, पण पिल्लांबद्दल तुम्ही चकार शब्द काढला नाहीत. अहो, घरचं घरी ठेवायचं तर घरी आल्यावर तरी ते बाहेर काढावं की नाही? पुढे मी होस्टेलवर गेले, तर तिथे तुमची पत्रं यायची ती अशी: विषय, प्रकृतीबाबत. संदर्भ, तुझे मागील पत्र. वरील विषयास अनुसरून कळविण्यात येते की, येथे सर्व कुशल आहे. मैत्रिणी त्यांचं जाहीर वाचन करायच्या आणि सगळ्या पोट धरधरून हसायच्या. मीही हसायचे. हसण्यासारखंच होतं ते.

तर आजचं. एका मंत्र्याच्या लांबलचक पत्राला राष्ट्राध्यक्षांनी दोन ओळींचं उत्तर दिलं आहे. तेवढ्यावरून अभ्यासकांनी सुतावरून स्वर्ग गाठला: राष्ट्राध्यक्ष चिडले होते, त्यांनी मंत्र्याला त्याची जागा दाखवली, दोघांचं इथूनच फाटलं. आमचे संपादकही त्याच पंथाचे. मी वाद घातला नाही. राष्ट्राध्यक्षांनी त्याच दिवशी मुलीला लिहिलेलं पत्र काढलं आणि मोठ्यानं वाचलं. वरखाली सरकणारी खिडकी अंगठ्यावर पडली आहे, लेखणी धरवत नाही आणि नेमका चिटणीस रजेवर आहे; मंत्र्याला कसंबसं दोन ओळींत उरकलं, आता त्याला वाटणार मी रागावलोय, असं ते तिला कळवतात. आणि मग त्याच ठेचलेल्या अंगठ्यानं स्वयंपाकघरातला धूर, बागेतली सफरचंदं, तिच्या धाकट्या भावाचे प्रताप असं पान भरून लिहीत सुटतात. शेवटी शेवटी अक्षर पार वेडंवाकडं झालंय, पण पान भरलेलं आहे. "हे वेबसाइटवर कुठेतरी ठेवायचं ना?" मी विचारलं. संपादक तसा भला माणूस. दिलखुलास हसला आणि म्हणाला, सगळी पत्रं तारखेनंच राहू देत.

बाहेर आल्यावर आमच्या प्रकल्पावर काम करणारी नागपूरची विद्यार्थिनी मागून धावत आली. "काकू, काय सॉलिड पॉइंट काढला यार तुम्ही! ते तर लगेच मानले. पण लेटर वाचताना तुमचा आवाज असा का झाला होता?"

"घसा बसलाय गं जरा."

"मग गरम पाणी आणू का? किचनमध्ये केटल आहे."

"नको. तुझी बस सुटेल. पळ."

घसा ठणठणीत होता, नाना. आणि माझा मुद्दाही अगदी बरोबर होता, तो मी उद्याही तितक्याच जोरात मांडीन. माणसाचं घर काढून टाकलं तर त्याची कचेरीही धड कळत नाही, हे तुम्हाला समोर बसवून पटवून द्यायला मला फार आवडलं असतं. तुम्ही ऐकून घेतलं असतंत, चष्मा पुसला असतात आणि पुढची फाइल उघडली असतीत.

हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून जे तिथे कुणाला सांगितलं नाही ते इथे लिहिते. त्या मुलीला लिहिलेल्या पत्राचं काम केव्हाच संपलंय, तपासून झालं, टिपा देऊन झाल्या. तरीही मी ते अधूनमधून उघडते, खोलीचं दार लावून घेते आणि तिच्या नावाच्या जागी माझं नाव घालून वाचते.