खोलीत मी हात वर केला तेव्हा

प्रिय चिमे,

तुझ्या प्रदर्शनातून मी न सांगता निघून आलो, म्हणून तू रुसली असशील. खरं सांगू? मी घाबरलो होतो. अजूनही आहे.

माणसाच्या हालचालींवर आणि आवाजावर चालणाऱ्या तुझ्या त्या खोलीत पाऊल टाकलं आणि भिंतींतून तुझ्या आईचा आवाज आला. शाळेतल्या कविता म्हणतानाचा, जुन्या कॅसेटवरचा. शिवणयंत्रावर बसून ती चालीत म्हणायची आणि तिसऱ्या कडव्यापाशी हमखास अडखळायची. मग मी स्वयंपाकघरातून ओळ पुरवायचो. तिथेही ती अडखळली आणि मी, एवढा म्हातारा माणूस, चार लोकांत मोठ्याने ओळ म्हणून मोकळा झालो. भिंतीवर पिवळी फुलं उमलली. क्षणभर वाटलं, पोरीने स्वर्गच बांधलाय.

मग तिचा शेवटच्या आजारपणातला आवाज सुरू झाला. दोन शब्द, की धाप. ते थांबावं म्हणून मी हात वर केला, तर आवाज वाढला. कानांवर हात ठेवले, तर धाप चारी भिंतींतून यायला लागली. मान हलवली, नको नको म्हटलं, तरी तेच. खाली बसलो, तर खोलीने दिवे मंद केले, जणू मी तल्लीन झालोय. दाराशी उभी असलेली तुझी मैत्रीण कौतुकाने म्हणाली, “काका, घाबरू नका, सगळं तुमच्याच हातात आहे.” अगं, खोली माझ्या बोटाबोटावर लक्ष ठेवून होती, आणि मी पुरे म्हणतोय एवढं काही तिला उमगेना.

तुला दोष देत नाही. तान्ही असताना तू कान दुखून रडायचीस आणि आम्ही भूक लागली समजून दूध पाजत बसायचो. जीव लावणाऱ्यांचंही चुकतं.

तोंडावर सांगायचा धीर झाला नाही ते आता लिहितो. डॉक्टर म्हणतात, माझे शब्द जाणार. एकेक करून. गेल्या आठवड्यात ‘किल्ली’ हा शब्द दुपारभर सापडला नाही. कुलपासमोर उभा राहून शेजाऱ्याला हातवारे करत होतो. कविता तेवढ्या शाबूत आहेत, त्याही किती दिवस कोण जाणे. डॉक्टरांनी एक कागद दिलाय. मला बोलता येईनासं झालं, की माझ्या वतीने तू ठरवायचंस, असा. तुझं नाव लिहिलंय, सही राहिलीय. पेन उचललं की ती खोली आठवते आणि मी ते परत खाली ठेवतो. या रविवारी ये, एकटीच ये. शब्द आहेत तोवर, मी नको म्हणतो तेव्हा माझा चेहरा कसा होतो, तो नीट बघून ठेव. मग सही करतो.

तुझाच, अजून बोलता येणारा,
बाबा