उरलेली अर्धी गुंडाळी

१२ मार्च

प्रिय ठकू,

आज सकाळी खिडकीच्या काचा पुसल्या, कपडे धुऊन दोरीवर टाकले. दुपारी घड्याळवाले काका येऊन गेले. त्यांना बाबांचा दगड दाखवला. पूर्ण झालाय तो. मी पूर्ण केला.

आता तू खुर्चीत सरसावून बसली असशील. तुला वाटलं असेल, बाबांचा अर्धवट राहिलेला अमोनाइट मी कधीच खोक्यात भरून माळ्यावर टाकला. शेजारच्या बाईंनी तेच सुचवलं होतं. समुद्रातला शंख दगड कसा होतो आणि त्यावर मोरपिशी रंग कुठून येतात, हे इतक्या वर्षांत मला त्यांच्या गळी उतरवता आलं नाही. त्यांच्या लेखी आपल्या घराला धुळीची हौस आहे.

बाबा गेले तेव्हा गुंडाळीची वरची बाजू लाल-हिरवी झळकत होती आणि खालची अजून काळ्या दगडात गाडलेली होती. दगड कोरायची सुई टेबलावर तशीच. बाबांबरोबर कड्याखाली दगड शोधत हिंडलेले काका, पण तेसुद्धा म्हणाले, वहिनी, हात लावू नका, रंगाचा थर कांद्याच्या पापुद्र्याएवढा, एक धक्का लागला की गेला. बरोबरच होतं त्यांचं. आपला पहिला दगड आठवतो ना? आणखी चमकावा म्हणून बाबा घासत बसले, घासत बसले, आणि सगळा रंग फडक्यावर उतरला. तू ते फडकंच कपाटात मांडायला निघाली होतीस.

पण ठकू, इतकी वर्षं दिवा धरून कोण उभं होतं? सुई आडवी धरायची, रंग उघडा पडला की लगेच पातळ गोंदाचा थेंब सोडायचा, नाहीतर वाळून पापुद्रे सुटतात, हे सगळं मला बघून बघून येत होतं. तरी सुरुवातीला सुई घसरायची. एकदा नखाएवढा हिरवा टवका उडाला. फरशीवर रांगून शोधलं, केर चिवडला, रडले. मग तो माझ्याच स्वेटरच्या बाहीला चिकटलेला सापडला. तो परत जागच्या जागी बसवला आणि मला कळलं, हे आपल्याला जमणार.

आज काकांनी डोळ्याला भिंग लावून दगड फिरवून फिरवून पाहिला. मग जांभळ्या भागाजवळ बोट नेऊन म्हणाले, हा बघा, हा दादांचा हात. तो भाग माझा होता! तसं सांगितल्यावर भिंग खाली ठेवून हसायलाच लागले. म्हणाले, वहिनी, दुकानात येऊन बसा, बायकांची बारीक घड्याळं यापुढे तुमच्याकडे. ते गेल्यावर मी काय केलं सांगू? बाबा दगडाची कड चाटून बघायचे आणि मी ओरडायचे ना, तशी चाटून बघितली. मातकट लागते. इतकी काही वाईट नाही, उगीच ओरडत होते मी.

पूर्ण झालाय म्हटलं, त्यात एक गंमत आहे. गुंडाळीच्या अगदी मधला, बटणाएवढा भाग मी दगडातच ठेवलाय. काकांनी विचारलंच, हा का राहिला? म्हटलं, मालकीण यायची आहे. त्या दिवशी बाबा आणि मी बोलत बोलत पुढे निघून गेलो होतो. कड्याखालच्या चिखलात याची कड पहिल्यांदा तुला दिसली होती. परवा फोनवर तू म्हणालीस, बाबांचं रिकामं टेबल मला बघवणार नाही, म्हणून मी येत नाही. ते टेबल रिकामं नाही, ठकू. सुई पुसून ठेवलीय, मधला भाग तुझा आहे. सुट्टी मिळेल तेव्हा ये. दिवा मी धरीन. आता गोंदाचा ब्रश धुते आणि कपडे काढून आणते, वाळले असतील.

तुझीच,
आई