वहीतली विश्रांती

१९ तारीख, मंगळवार
सकाळचे अकरा

प्रिय धाकट्या,

तुला आणि भावजयीला आशीर्वाद, तुझ्या लेकाला गोड पापा. पत्र मिळालं. आईच्या गुडघ्याची सूज उतरायला लागली हे वाचून हायसं वाटलं. तिला सांग, जिना चढू नकोस. ती ऐकणार नाही, पण तू सांग. इकडे तुझी वहिनी बरी आहे. छकुलीचे पडलेले दात पुन्हा आलेत आणि येईल त्याला ती चावून दाखवते.

अक्षर वाकडं आलं तर हसू नकोस. गोदामाच्या फाटकाबाहेर रांगेत उभा आहे, वही स्टिअरिंगवर टेकवून लिहितोय. पहाटे पुढे बावीस गाड्या होत्या, आता पाच आहेत.

तू मालकाला सांगून टाकलंस आणि महिनाअखेर लेथवरचं काम सोडतोयस, हे वाचलं. हे पत्र त्यासाठीच आहे. काम सोडू नकोस. हे मिळाल्याबरोबर मालकाकडे जा, चूक झाली म्हण, दोन शब्द ऐकून घे, पण ते मशीन सोडू नकोस. कारण सांगतो. जरा वेळ लागेल, मला ते लिहायला जड जातंय.

मागच्या पत्रात मी फार गोड लिहिलं होतं. ड्रायव्हरांचा तुटवडा आहे, कंपनी हात जोडून बोलावते आहे, तू ये, तुझं भलं होईल. कंपनीच्या फाटकावर 'ड्रायव्हर पाहिजेत' अशी पाटी खरंच आहे. तीन वर्षं आहे. उन्हाने पुसट झाली की साहेब पुन्हा रंगवून घेतात. पण आमच्या एका गल्लीत तिघांच्या खिशात लायसन आहे. एक भाजी विकतो, एक शाळेच्या दारावर बसतो, तिसरा सासऱ्याच्या दुकानात पुड्या बांधतो आणि दिवसभर त्याची बोलणी खातो. त्याला विचारलं, तर म्हणतो सासरा परवडला. माणसं आहेत रे. टिकत नाहीत.

पैसे मिळतात ते चाक फिरेल तेवढ्याचेच. रांगेतले तास फुकट. त्यातून सलग किती तास चालवायचं याला कायद्याची मर्यादा आहे, म्हणून कंपनीच्या वहीत हे तास 'विश्रांती' म्हणून लिहायचे. नऊ तास रांगेत काढून माल उतरवला की साहेबांचा फोन येतो, झोप झाली ना, निघा आता. आणि या विश्रांतीत दर पंधरा-वीस मिनिटांनी गाडी पुढे घ्यायची. नाही घेतली तर दुसरा घुसतो आणि नंबर जातो. त्यावर आमचा ठरलेला उपाय आहे. स्टिअरिंगवर डोकं ठेवून झोपायचं. पुढे जागा झाली की मागचा दोनदा हॉर्न मारतो. डोळे उघडायच्या आधी हाताने ब्रेक सुटलेला असतो. सव्वीस वर्षांत हे अंगात इतकं मुरलंय, की रस्त्यावर कुणी दोनदा हॉर्न मारला तर घरी पलंगावर माझा पाय हलतो. तुझी वहिनी हसायची त्यावर.

मध्ये थांबलो, गाडी पुढे घेतली. हल्ली मी दर वेळी खाली उतरून पुढे बघून येतो. मागचा वैतागतो, शिव्या देतो. देऊ दे.

मास्तर आठवतो ना तुला? ज्याने मला गाडी शिकवली. आपल्या घरी आला होता तेव्हा सतरंजीवर कपबशा मांडून गाडी मागे कशी घ्यायची ते तुला दाखवलं होतं, आणि आई कपांसाठी जीव मुठीत धरून बसली होती. गेल्या महिन्याच्या अठ्ठावीसला रांगेत त्याची गाडी माझ्या पुढे होती. वहीप्रमाणे आम्ही दोघंही विश्रांतीत. त्याच्या ताडपत्रीचा दोर सुटला होता. तो खाली उतरून दोन गाड्यांच्या मध्ये उभा राहून बांधत होता. मी झोपलो होतो. शेजारच्या रांगेत कुणीतरी दोनदा हॉर्न मारला. तो माझ्यासाठी नव्हता. माझी गाडी पुढे गेली.

त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

तुझ्या वहिनीला मी सांगितलं की गाडी उतारावर घसरली. हे साहेबांनीच सुचवलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला पुन्हा गाडीवर पाठवलं, ड्रायव्हर कमी आहेत म्हणून. आठवड्याने कचेरीत बोलावून एक कागद वाचून दाखवला. दोघंही विश्रांतीत होते, मास्तर आपल्या मर्जीने खाली फिरत होता, गाडी आपोआप घसरली. म्हणजे हा कामावरचा अपघातच नाही आणि कंपनी मास्तरला काही देणं लागत नाही. मी सही केली की माझं लायसन वाचेल, शिवाय जवळची फेरी मिळेल, रोज संध्याकाळी घरी. निघताना साहेब म्हणाले, "एक जागा रिकामी झाली आहे. तुमच्या ओळखीत कुणी असेल तर आणा."

त्याच संध्याकाळी मी तुला ते पत्र लिहिलं. ती जागा मास्तरची आहे, धाकट्या. मी रिकामी केली आणि तुला बोलावलं. माझी मला लाज वाटते.

परवा इस्पितळात गेलो होतो. तो रागावला असता, थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. त्याने मला खाटेवर बसायला सांगितलं, पाय नाही त्या बाजूला. साहेब त्याच्याकडेही येऊन गेले होते. मास्तर म्हणाला, "कागदावर मी विश्रांती घेत होतो म्हणे. मग दोर बांधत कोण होतं?" त्याची बायको डबा उघडत होती. गाडी घसरली असंच तिला वाटतं. तिने मलाही वाढलं, आणि मी जेवलो.

उद्या दहाला सहीसाठी बोलावलंय. मी खरं सांगणार आहे. लायसन जाईल, खटलाही होईल. पण रांगेतला वेळ कामाचाच होता हे ठरलं, तर मास्तरला त्याच्या हक्काचं मिळेल. घर कसं चालवायचं ते मला आत्ता सुचत नाही. तुझ्या वहिनीला आज सांगेन.

पण मला माझाच भरवसा वाटत नाही. साहेब चहा मागवतील, छकुलीची चौकशी करतील, पेन पुढे सरकवतील. मी भिडस्त माणूस, तुला ठाऊक आहे. म्हणून इथे लिहून ठेवतो आणि हे पत्र आजच टपालात टाकतो.

अठ्ठावीस तारखेला दुपारी तीनच्या सुमाराला गाडी घसरली नाही. मी चालवली. झोपेत चालवली. मास्तर काम करत होता आणि मीही कामावरच होतो.

उद्या मी त्यांच्या कागदावर सही केली असं कळलं, तर हे पत्र मास्तरच्या बायकोला नेऊन दे. मला विचारायला थांबू नकोस, मी नको म्हणेन. नुसतं 'तुझा दादा' लिहिलेलं कुठल्या कचेरीत चालायचं नाही, म्हणून खाली लायसनवर आहे तशी पूर्ण सही केली आहे.

(सही)